खोटी बटणं

११ जानेवारी

दुकानात गिऱ्हाईक नाही, समोर अर्धवट कापलेलं जाकीट पडलंय आणि मला इतका राग आलाय की हातात कात्री धरायची भीती वाटते. म्हणून मापांची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहायला बसले. पुढून लोकांच्या छात्या-कंबरा, मागून माझं डोकं.

सकाळी भिंगरीला शाळेत सोडायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी आत बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट सांगणार. पुढच्या वर्षी तिचा वर्ग मोठ्या इमारतीत जाणार. तासातासाला खोली बदलायची, प्रयोगशाळा वेगळी, चित्रकलेची खोली वेगळी. तिच्यासोबत दिवसभर एक माणूस हवं. शाळेकडे असं माणूस नाही. आम्ही आणलं तर त्यांची काही हरकत नाही. नाहीतर तिला घरून परीक्षा देता येईल. ‘घरून’ हा शब्द त्यांनी असा गोड उच्चारला की जणू मुलीला बक्षीसच जाहीर करत होत्या.

अकरा वर्षांची आहे माझी मुलगी. पोटात सारखी फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, हातपाय कडक राहिले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. नवीन माणसं नाव ऐकतात, मग चाकाच्या खुर्चीकडे बघतात आणि गप्प होतात. होऊ देत. बोलणं तिचं संथ आहे, डोकं नाही. गणितात पहिल्या तिघांत असते. तिला म्हणे घरी बसवायचं.

हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सकाळी सहाला बाहेर पडतात. माझं दुकान. दोघांतल्या एकाने काम सोडलं तर घर चालायचं नाही. दुपारी ह्यांना फोन करून सगळं ओकले. हे शांतपणे म्हणाले, मदतनीस ठेवायला सरकारी सहाय्य मिळतं, अर्ज करू. मी म्हटलं, आजवर कुणापुढे हात पसरला नाही. हे म्हणाले, “हात पसरू नकोस. सही कर.”

१९ जानेवारी

अपंग सहाय्याचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी, आणि पाटी इतकी पिवळी पडलेली की बहुतेक लिफ्टच्या आधी पाटीच बसवली असावी. हे पाटीकडे बघत राहिले. मग भिंगरीला पाठीवर घेतलं, मी खुर्ची घेतली आणि चढलो.

चौथ्या खिडकीत एक बाई बसते. तिला खिडकीचा इतका सराव झालाय की ती माणसाच्या तोंडाकडे न बघता फक्त हातातल्या कागदांकडे बघते. चोवीस पानी अर्ज दिला. मी विचारलं, मुलीला आणलंय, बघायचं आहे का. म्हणाली, “मुलगी नंतर. आधी झेरॉक्स.”

भिंगरीला हसू आवरेना. उतरताना ती ह्यांच्या पाठीवरून तीन मजले तेच म्हणत होती, मुलगी नंतर, आधी झेरॉक्स.

७ फेब्रुवारी

परवा तपासणी. त्यासाठी नवीन शर्ट शिवतेय, फिका निळा.

हे लिहून ठेवते, कारण हे माझं स्वतःचं डोकं आहे आणि गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. भिंगरीच्या बोटांना काजात बटण घालणं जड जातं. म्हणून मी तिच्या शर्टांना काज पाडतच नाही. बटणपट्टीच्या आत वेलक्रोचे तुकडे आणि वरून नुसती दिसायला बटणं. खोटं काजसुद्धा दोऱ्याने असं विणते की शेजारचा शिंपी हातात घेऊन बघेल तरी ओळखणार नाही. तिने पट्टीवर पट्टी ठेवायची आणि तळव्याने दाबायचं, झालं. पँटींच्या चेनला कडी, मोज्यांना लूप, दप्तराला चुंबक. एवढ्या वर्षांत तिच्या कपड्यांकडे बघून कुणी ‘अरेरे’ म्हटलेलं नाही. म्हणू देणारही नाही.

बटणं लावत होते तेव्हा ती शेजारी होती. विचारलं, “वेलक्रोने बंद होतंय, मग बटणं कशाला लावतेस?”

मी म्हटलं, बरं दिसतं.

“कुणाला?”

माझ्या तोंडात सुई होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं.

९ फेब्रुवारी

तपासणी झाली, आणि झकास झाली. दोन दिवस घरी सराव घेतला होता. सरळ बसायचं, मान वर, विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, लाळ आली तर आधीच रुमाल लावायचा. पाहुण्यांपुढे जाताना मी तिला नेहमी हेच सांगते. गबाळं दिसलं की लोक माणसाला गबाळंच वागवतात.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण उर्मट नव्हते. पाठीचा कणा बघायला शर्ट काढायला सांगितला. मग घाल म्हणाले आणि लिहायला लागले. त्यांनी मान वर केली तोवर हिचा शर्ट बंद. “अरे वा, बटणं स्वतः लावतेस?” भिंगरी म्हणाली, “हो, पण ही…” आणि पुढे काहीतरी सांगत बसणार होती. बाहेर रांग होती, तिचं बोलणं संथ, डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली. स्वतः जेवतेस का, हो. लिहितेस का, हो. मी आपली मागे उभी राहून अभिमानाने फुगत होते.

येताना ती गप्प होती. दमली असेल.

२ मार्च

नामंजूर.

पत्र चार ओळींचं आहे. ‘अर्जदार मुलगी कपडे घालणे, बटणे लावणे, जेवणे ही दैनंदिन कामे स्वतंत्रपणे करते. मदतनिसाची आवश्यकता आढळून येत नाही.’

मी ते तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळेला ‘बटणे लावणे’ पाशी अडकले. मी, ह्या हातांनी, बारीक टाका घालून, माझ्या मुलीची शाळा शिवून बंद केली.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुझी चूक नाही. मला नको होतं ते. मला कुणीतरी चूक म्हटलेली हवी होती म्हणजे भांडता आलं असतं.

३ मार्च

चौथ्या खिडकीत जाऊन भांडले. शर्टाची गोष्ट सांगितली. बाई म्हणाली, तुम्ही म्हणताय ते खरं असेल, पण कागदावर बटणं लागलेली आहेत. तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करा, सुनावणी लागेल. फॉर्म पाचव्या खिडकीत. पाचवी खिडकी बंद. पाचव्या खिडकीचा माणूस कुठे आहे विचारलं, तर म्हणे चौथ्या खिडकीचंच काम आहे ते, पण वेळ दुपारी दोननंतर. मी दोनपर्यंत तिच्या समोर बसून राहिले. दोन वाजता ती उठली, दोन पावलं सरकून पाचव्या खिडकीत बसली आणि मला फॉर्म दिला. आम्ही दोघीही हसलो नाही. मला वाटतं तिलाही हसायचं होतं.

बाकावर एक बाई भेटल्या, वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, मांडीवर निळी पिशवी, पिशवीत वीस वर्षांची कागदपत्रं. मुलगा तिशीचा आहे त्यांचा. चार वेळा सुनावणी लढल्यात. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “अगं, इथे पाहुण्यांसारखं येतात का? इथे तुझं घर जसं आहे तसं घेऊन यायचं.”

त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस नोंद ठेव. तिच्यासाठी दिवसभरात जे जे करतेस ते लिही. आणि चांगले दिवस लिहू नकोस. सगळ्यात वाईट दिवस लिही. तिला काय येतं ते त्यांना नकोय, काय येत नाही ते हवंय.

६ मार्च

नोंद.

उठवणे. पाय मोकळे करणे, वीस वेळा डावा, वीस वेळा उजवा. न्हाणीत नेणे. बसवणे. स्वच्छ करणे. अंघोळ. अंग पुसणे. कपडे. (वेलक्रो नसलेले, म्हणजे मी घालते.) केस. दात. जेवण भरवणे. पाणी पाजणे. खुर्चीत बसवणे, पट्टा लावणे.

हे सगळं सकाळी साडेसातच्या आत. लिहून काढल्यावर कळलं की दुकानात आल्यावर मला एवढं हलकं का वाटतं.

१० मार्च

नोंद. पेन्सिल धरता येत नाही. स्वतः जेवता येत नाही. पाणी पिता येत नाही. पान उलटता येत नाही. हाक मारता येत नाही, म्हणजे मोठ्याने मारता येत नाही. तोल राहत नाही. एकटी राहू शकत नाही.

पहिले दोन दिवस ‘नाही’ लिहून खोडत होते. आता सवय झाली. एका पानावर बावीस ‘नाही’ झाली. निळ्या पिशवीच्या बाई खूश होतील.

१३ मार्च

वही शिवणयंत्राशेजारी उघडी राहिली. मी वरच्या फळीवरचे कापडाचे तागे काढत होते. वळून बघितलं तर भिंगरी खडूने, माझ्या कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने, माझ्या वहीत लिहीत होती. खडू तिने मुठीत धरला होता. चेहरा लाल.

मी काही म्हणायच्या आत तिने वही पुढे केली. अक्षरं बोटाएवढी, ओळ सोडून गेलेली. पेन्सिल धरता येत नाही, याच्यावर: ‘जाडी येते.’ जेवता येत नाही: ‘येतं, सांडतं.’ पाणी: ‘खोटं. नळीने पिते.’ हाक मारता येत नाही, याच्यावर तिने एवढ्या जोराने काट मारली होती की पान फाटलं. खाली लिहिलं होतं, ‘तू ऐकत नाहीस.’

मी समजावायला गेले. म्हटलं, अगं राणी, हे त्यांच्यासाठी लिहिलंय, खरं थोडंच आहे. हे शाळेसाठी चाललंय. सुनावणीला तू थोडं कमी करून दाखव, शर्ट नको बंद करूस, मान जरा सोड, एका दिवसाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, “आधी म्हणालीस चांगलं नाटक कर. आता म्हणतेस वाईट कर. मी नाही करणार.”

मी म्हटलं, मग शाळा जाईल.

“जाऊ दे,” म्हणाली, आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसली. तिचं सगळंच माझ्यावर गेलंय, रुसणंसुद्धा.

१४ मार्च

घरात अबोला. हे दोघींमध्ये निरोप्याचं काम करतायत. “आई विचारतेय दूध हवं का.” “सांगा नको.” ह्यांच्या तोंडावर हसू आहे हे मला दिसतं, आणि त्याचा राग येतो.

१६ मार्च

आज हे कामावरून लवकर आले. जेवताना भिंगरीचा चमचा पडला, मी उचलायला वाकले तर हे म्हणाले, थांब. आम्ही दोघं बघत बसलो. तिने खुर्चीतून वाकून, हात लांब करून, दोनदा निसटू देऊन, तिसऱ्यांदा चमचा उचलला. हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, चार मिनिटं. भिंगरी म्हणाली, काल साडेपाच होती.

म्हणजे माझ्या पाठीमागे हा उद्योग काही दिवस चालू आहे. लिफ्ट खालून वर यायला किती सेकंद घेते हे बघायचंच काम करणारा माणूस, मुलीलाही तेच शिकवलं. एका कागदावर त्यांनी लिहून ठेवलंय, चमचा, पाण्याची बाटली, दप्तराची चेन, एकेकापुढे मिनिटं. ‘येतं’ नाही आणि ‘येत नाही’ही नाही. नुसती मिनिटं.

मी म्हटलं, आणि हे कोण वाचणार आहे तिथे? तिथे दोनच रकाने असतात, हो आणि नाही. भिंगरीने तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “मग तिसरा पाडायला सांगू.”

मापवहीतली माझी बावीस ‘नाही’ मी फाडली नाहीत. पण सुनावणीच्या कागदांना जोडली नाहीत. निळ्या पिशवीच्या बाईंना फोन करून सांगितलं. भिंगरी काय म्हणाली ते त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, आमच्या वेळेला पोराला विचारायचं सुचलंच नाही.

२७ मार्च

उद्या सुनावणी. फिका निळा शर्ट धुऊन इस्त्री केला. ती तोच घालणार, मी ठरवलंय, पण या वेळेला कारण वेगळं आहे. आमच्या धंद्यात कपडा विकत घेणारा पुढून बघतो आणि शिवणारा आधी उलटा करून बघतो. पुढून सगळेच देखणे असतात. टीप कशी आहे, अस्तर कुठे जोडलंय, कुठे लपवाछपवी केलीय, ते सगळं आतून दिसतं. उद्या सुनावणीला जे तिघं बसणार आहेत त्यांना मी शर्ट उलटा करून दाखवणार.

२८ मार्च

नीट लिहिते, क्रमाने. हात अजून गरम आहेत.

सकाळी उठले तर हे गायब. सुनावणीच्या दिवशी. फोन लावला तर म्हणे जरा काम होतं, तिथेच भेटतो. मी दात-ओठ खात एकटीने भिंगरीला तयार केलं आणि गाडी करून नेलं. नशिबाने कार्यालयातली लिफ्ट आज चालू होती. पाटीसुद्धा काढलेली. हे तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभे, बाह्या दुमडलेल्या, बोटं वंगणाने काळी. मी म्हटलं, निदान आज तरी हात धुऊन यायचं. हे म्हणाले, “हो, चुकलंच.” आणि न्हाणीघर शोधत गेले.

आत टेबलामागे अध्यक्ष म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई, शेजारी लिहून घेणारा कारकून, आणि बाजूला तपासणीचे ते तरुण डॉक्टर, पांढऱ्या कोटात. त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. खोटं काही बोलले नाहीत. म्हणाले, मुलीने शर्ट बंद केलेला मी डोळ्यांनी पाहिला.

माझी पाळी आली. मी भिंगरीचा शर्ट काढला, आत बनियन होतंच, आणि तो टेबलावर पुढची बाजू वर करून ठेवला. बाईंना म्हटलं, हे बटण काढून बघा. त्यांनी प्रयत्न केला. निघेना. डॉक्टरांनी केला. मग मी शर्ट उलटा केला आणि वेलक्रो ओढला. त्या खोलीत तो आवाज केवढा मोठा आला. मी म्हटलं, हे मी शिवलंय. अकरा वर्षं शिवतेय. माझ्या मुलीच्या बोटांना जे जमत नाही ते कुणाला दिसू नये म्हणून शिवतेय, आणि तुमच्या डॉक्टरांनाही दिसलं नाही, इतकं चांगलं शिवलंय.

एवढं बोलून शर्ट त्यांच्याकडे सरकवला.

अध्यक्षबाईंनी शर्टाची शिवण बोटाने चाचपली. मग विचारलं, म्हणजे साध्या शर्टाची बटणं हिला लावता येत नाहीत, असंच ना?

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. माझा हात आपोआप भिंगरीच्या खांद्याकडे गेला. तिने खांदा बाजूला घेतला.

“येतात,” ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, “तुमचा कोट द्या.”

डॉक्टर अध्यक्षबाईंकडे बघायला लागले. बाईंनी मान हलवली. त्यांनी कोट काढून दिला. पाच बटणं. मी तो तिच्या अंगावर चढवला, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या त्या दुमडल्या, आणि ती म्हणाली, आता बाजूला हो.

मी बाजूच्या खुर्चीवर बसले. पहिलं बटण तिच्या बोटांत येईपर्यंतच कारकुनाने दोनदा घड्याळ बघितलं. बटण निसटलं. पुन्हा धरलं. डाव्या हाताने काज ताणायचं तर डावा हात स्वतःच वर उडत होता, तो तिने कोपराने पोटाशी दाबून धरला. लाळ आली. तिने पुसली नाही, आणि मीही उठले नाही. माझे हात शिवशिवत होते, ते मी मांडीखाली घेऊन वर बसले. कपाळावर घाम, ओठ चावलेले, जीभ एका बाजूला. एवढ्या वर्षांत मी तिला असं कुणापुढे दिसू दिलं नव्हतं. पहिलं लागलं. दुसरं लागलं. बाहेरून शिपायाने डोकावून पुढचं प्रकरण बोलवू का विचारलं, त्याला अध्यक्षबाईंनी हातानेच परत पाठवलं. टेबलावरचा त्यांचा चहा तसाच होता.

तिसरं लागल्यावर त्या म्हणाल्या, “पुरे बाळ. समजलं आम्हाला.”

भिंगरीने मान वर केली नाही. “तुम्हाला समजलं असेल. माझी दोन राहिलीत.”

आणि तिने चौथं बटण धरलं. पाचवं लागलं तेव्हा डॉक्टर नकळत म्हणाले, “झालं.” अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघून सांगितलं, सतरा मिनिटं.

कारकुनाने पेन उचललं, रकान्याकडे बघितलं आणि विचारलं, “बाई, काय लिहू? स्वतः करते, का करू शकत नाही?”

बाई विचारात पडल्या. तर ही म्हणाली, “वेळ लिहा.” थोडा श्वास घेतला आणि तिच्या संथ बोलण्यात, एकेक शब्द सोडत सांगितलं, “मला सगळं येतं. बटणं लावली की पहिला तास जातो. न्हाणीत जाऊन आले की दुसरा. डबा खाल्ला की तिसरा. मग शाळा कधी करू?”

ह्यांनी खिशातून मिनिटांचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर वंगणाचं एक बोट उमटलेलं होतं. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि कारकुनाला म्हणाल्या, दोन्ही रकाने रिकामे ठेवा, बाजूच्या मोकळ्या जागेत लिहा. मी सांगते ते.

डॉक्टर कोट घ्यायला आले तेव्हा मी बटणं काढायला पुढे झाले. भिंगरी म्हणाली, “मी काढू?” आणि डॉक्टर म्हणाले, नको नको, तू बस, मला अजून दहा तपासण्या आहेत. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

२२ एप्रिल

मंजूर. दोन वर्षांसाठी. त्यानंतर पुनर्तपासणी. जणू दोन वर्षांत तिची बोटं मत बदलणार आहेत. बोलवा. तोवर ती तेरा वर्षांची असेल आणि मला त्या तपासणीच्या डॉक्टरांची आत्ताच दया येतेय.

पत्र चौथ्या खिडकीतून घेतलं. बाईने पहिल्यांदा मान वर करून भिंगरीकडे बघितलं आणि म्हणाली, “हीच का ती, कोटवाली?” म्हणजे सगळ्या कार्यालयात गाजलंय. भिंगरीने विचारलं, “झेरॉक्स हवी का माझी?”

लिफ्ट अजून चालू आहे. मी ह्यांना म्हटलं, बघा, सरकारी कामंसुद्धा कधीकधी वेळेवर होतात. हे खोकत खोकत दुसरीकडे बघायला लागले.

१२ जून

मदतनीस ताई मिळाल्या. मुलं मोठी झालेली, उंच, कमी बोलणाऱ्या बाई आहेत. आल्या आल्या मला न विचारता त्यांनी भिंगरीला विचारलं की कशात मदत हवी आणि कशात नको. दोघींनी मिळून यादी केली. मला यादी दाखवली नाही.

आज गणवेश शिवायला घेतला. पट्टीला वेलक्रो लावत होते तर भिंगरी म्हणाली, “वरचं एक खरं लाव.”

मी विचारलं, वरचं एक म्हणजे?

“गळ्याजवळचं. काज पाड. बाकीची राहू देत तशीच, शाळेला उशीर होतो.”

मी म्हटलं, मग काज जरा मोठं ठेवते, सोपं जाईल. नको म्हणाली, सगळ्यांचं असतं तेवढंच. यात तिला काय मिळणार ते मला कळलं नाही, पण तिच्या बापाने मान डोलावली, म्हणजे या घरात माझं मत संपलं. नेहमीसारखं काज पाडलं. बोटात सुई गेली. तिच्या शर्टावर खरं काज पाडायची हाताला सवय नाही.

१५ जून

शाळेचा पहिला दिवस. आठ वाजता ताई दाराशी खुर्ची धरून तयार, मी समोर डबा घेऊन, आणि भिंगरी गळ्याजवळचं बटण लावत होती, कोटाच्या बटणांहून बारीक आणि मान वाकवूनही न दिसणारं. दोघींनाही हात लावायची बंदी. मी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. आठ दहा. आठ बारा. शाळेची बस गेली. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आठ चौदाला बटण लागलं. ती आरशात बघायलासुद्धा थांबली नाही, चला म्हणाली.

रिक्षाने गेलो. फाटकावर शिपायाने उशिराची चिठ्ठी भरायला लावली. नाव, वर्ग, वेळ आणि शेवटी कारणाचा रकाना. भिंगरी वाकून बघत होती. मी लिहिलं, बटण लावत होती.